टॅसिटसच्या वाक्याचा शेवट

1838 साली चार्ल्स ट्रेव्हेलियन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या लोकांच्या शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. हा मेकॉलेचा मेव्हणा. इथल्या लोकांना इंग्रजी विद्या दिली तर उद्या ते आपल्यावरच उलटतील, अशी धास्ती त्या काळी बऱ्याच इंग्रजांना होती. ती घालवण्यासाठी ट्रेव्हेलियनने सतराशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन इतिहासकाराला साक्षीला बोलावलं. त्याचं नाव टॅसिटस. ब्रिटनचा रोमन सुभेदार अ‍ॅग्रिकोला याने तिथल्या सरदारांच्या मुलांना रोमन विद्या शिकवली, रोमन राहणीची गोडी लावली, आणि कट्टर शत्रू होते ते बघता बघता जिवाभावाचे मित्र झाले; आपणही हिंदुस्थानात हेच करू या, असा ट्रेव्हेलियनच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याच्या तीन वर्षं आधी, शिक्षणावरच्या 1835च्या त्या प्रसिद्ध टिपणात, मेकॉलेनेही सिसरो आणि टॅसिटसच्या भाषेचा दाखला दिलाच होता. इंग्रजांना जे लॅटिन आणि ग्रीकने दिलं, तेच हिंदी लोकांना इंग्रजी देईल, हा त्याचा मुद्दा.

टॅसिटसने अ‍ॅग्रिकोलाबद्दल तसं लिहिलंय, हे खरं. अ‍ॅग्रिकोलाने देवळं, चौक, घरं बांधायला उत्तेजन दिलं; सरदारांच्या पोरांना शिकवलं; काल-परवापर्यंत लॅटिनला नाक मुरडणारे लोक त्याच भाषेत फर्डं बोलायला धडपडू लागले; जो तो टोगा, म्हणजे रोमन नागरिकाचा अंगाभोवती गुंडाळायचा पोशाख, नेसून हिंडू लागला. पण टॅसिटस इथे थांबत नाही. पुढे तो म्हणतो की हळूहळू हे लोक खांबांच्या ओवऱ्या, हमामखाने आणि उंची मेजवान्या यांच्या नादी लागले. अजाण लोक याला सभ्यता म्हणत होते, पण तो त्यांच्या गुलामीचाच एक भाग होता. अध्याय इथे संपतो. ट्रेव्हेलियनच्या युक्तिवादात या शेवटाला जागा नव्हती.

टॅसिटसच्या वाक्याची नांगी विंचवासारखी शेपटीत असते. तो आधी एक गोष्ट शांतपणे सांगतो, वाचणारा मान डोलावतो, आणि मग चार शब्दांत आधीच्या सगळ्याचा अर्थ फिरतो. गेली पाचशे वर्षं युरोपातल्या राजांनी, त्यांच्या विरोधकांनी, शिक्षकांनी आणि देशभक्तांनी त्याला वाचलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपल्या सोयीचा तुकडा उचलून शेपटी मागे सोडली. या इतिहासकाराचा प्रभाव समजून घ्यायचा असेल तर त्याच्या पुस्तकांबरोबर हे अर्धवट वाचनही बघावं लागतं.

सिनेटच्या बाकावर बसलेला माणूस

पूर्ण नाव कॉर्नेलियस टॅसिटस. जन्म इ.स. 56च्या सुमाराचा, घराणं बहुधा दक्षिण गॉलमधलं (आजच्या फ्रान्समधलं) किंवा उत्तर इटलीतलं. म्हणजे तो जुन्या रोमन खानदानातला नव्हता, बाहेरून येऊन हुशारीच्या जोरावर वर चढलेला होता. इ.स. 77च्या सुमारास त्याचं लग्न झालं ते याच अ‍ॅग्रिकोलाच्या मुलीशी. वकिली आणि वक्तृत्वात त्याने नाव कमावलं, एकेक पद चढत इ.स. 97 साली तो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, झाला, आणि पुढे आशिया प्रांताचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानचा, राज्यपाल झाला.

धाकटा प्लिनी हा त्याचा मित्र. इ.स. 79 साली व्हेसुव्हियसचा उद्रेक होऊन पॉम्पेई गाडलं गेलं, त्याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन ज्या दोन पत्रांत आहे, ती पत्रं प्लिनीने टॅसिटसलाच लिहिली होती, इतिहासासाठी माहिती म्हणून. टॅसिटसने त्यावरून जे लिहिलं असेल ते काळाच्या ओघात गेलं, पत्रं मात्र राहिली. प्लिनीने दुसऱ्या एका पत्रात एक गमतीचा प्रसंग सांगितलाय. रथशर्यतींच्या खेळांना टॅसिटसच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसला होता. साहित्यावर गप्पा रंगल्या, तेव्हा त्याने विचारलं, तुम्ही कुठले? टॅसिटस म्हणाला, तुम्ही मला ओळखता, माझ्या लिखाणावरून. त्यावर तो म्हणाला, मग तुम्ही टॅसिटस की प्लिनी?

पण या यशाला एक काळी बाजू आहे, आणि टॅसिटसच्या सगळ्या लिखाणाचं मूळ मला तिथेच दिसतं. त्याच्या बऱ्याच बढत्या झाल्या त्या सम्राट डोमिशियनच्या काळात, इ.स. 81 ते 96च्या दरम्यान. डोमिशियनची शेवटची वर्षं दहशतीची होती. दोन माणसांनी जुन्या स्वाभिमानी राजकारण्यांची चरित्रं लिहिली, तर त्या लेखकांना मारलं गेलं आणि त्यांची पुस्तकं रोमच्या भर चौकात जाळली. सिनेट हे सगळं बघत बसली, नुसती बघत बसली नाही तर शिक्षेच्या बाजूने मतंही देत राहिली. टॅसिटस त्या सिनेटचा सभासद होता.

डोमिशियनचा खून झाल्यावर, इ.स. 98 साली, टॅसिटसने पहिलं पुस्तक लिहिलं. ते सासऱ्याचं चरित्र, ‘अ‍ॅग्रिकोला’. त्यात तो स्वतःला वगळत नाही. हेल्विडियस या सिनेटरला तुरुंगात ओढून नेलं ते ‘आमच्याच हातांनी’, असं तो लिहितो. नीरो निदान तोंड फिरवायचा, गुन्ह्यांचा हुकूम द्यायचा पण बघायचा नाही. डोमिशियनच्या काळात सगळ्यात मोठी यातना होती ती बघण्याची आणि बघितलं जाण्याची, कारण आमचे उसासेसुद्धा टिपून घेतले जात होते. आणि मग ते वाक्य, की गप्प बसणं जितकं आमच्या हातात होतं तितकंच विसरणंही असतं, तर आवाजाबरोबर आम्ही स्मरणशक्तीही गमावून बसलो असतो.

जुलमाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. बहुतेक जण एक तर बळी असतात किंवा नंतर आलेले न्यायाधीश. टॅसिटस जुलमाच्या यंत्रणेत बसलेला, तिचे लाभ घेतलेला आणि तरी तिची लाज वाटणारा माणूस होता. ‘हिस्टरीज’ या आपल्या इतिहासग्रंथाच्या सुरुवातीला तो सरळ कबूल करतो की माझी कारकीर्द सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केली, टायटसने वाढवली, आणि डोमिशियनने ती आणखी पुढे नेली हे मी नाकारणार नाही. म्हणून त्याला सम्राटापेक्षा सम्राटाभोवतालच्या माणसांचं जास्त कळतं.

पाच पुस्तकं

टॅसिटसची पाच पुस्तकं आपल्यापर्यंत आली. ‘अ‍ॅग्रिकोला’ आणि ‘जर्मानिया’ ही छोटी. वक्तृत्वकला का उतरणीला लागली यावरचा एक संवाद. आणि दोन मोठे इतिहासग्रंथ, ‘हिस्टरीज’ आणि ‘अ‍ॅनल्स’.

‘हिस्टरीज’ सुरू होतं इ.स. 69 पासून. नीरो मेल्यावर एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन. टॅसिटस म्हणतो, या वर्षी साम्राज्याचं गुपित फुटलं, ते हे की सम्राट रोमच्या बाहेरही बनवता येतो. म्हणजे ज्याच्या हाती फौज, त्याच्या हाती गादी. सिनेट वगैरे नंतरचं. गाल्बाबद्दल त्याचं मत तर लोकांना आजही तोंडपाठ असतं. राज्य करायला हा लायक आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं असतं, त्याने राज्य केलं नसतं तर.

मूळ ग्रंथ डोमिशियनच्या मृत्यूपर्यंत, इ.स. 96 पर्यंत जात होता. आपल्याकडे फक्त 69 आणि 70 या दोन वर्षांचा मजकूर उरलाय. म्हणजे ज्या राजवटीने टॅसिटसला घडवलं, तिच्यावर त्याने काय लिहिलं तेच नेमकं हरवलंय, आणि याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. म्हातारपणी नंतरच्या चांगल्या सम्राटांवर लिहीन, असं त्याने म्हटलं होतं. तसं केलं मात्र नाही. तो उलट मागे गेला, रोमचा दुसरा सम्राट टायबेरियस याच्यापर्यंत, जणू ही कीड लागली कधी ते त्याला शोधायचं होतं.

त्या शोधाचं नाव ‘अ‍ॅनल्स’. इ.स. 14 साली पहिला सम्राट ऑगस्टस मरतो तिथपासून नीरोपर्यंत. यात जर्मनीतल्या लढाया आहेत, ब्रिटनमधलं राणी बूडिकाचं बंड आहे, नीरोने आईला मारायला कोसळणारी नाव बनवून घेतली तो प्रसंग आहे, तत्त्वज्ञ सेनेकाचा मृत्यू आहे, इ.स. 64ची रोमची आग आहे. आगीचं खापर नीरोने ख्रिस्ती लोकांवर फोडलं, ते सांगताना रोमन अधिकारी पाँटियस पिलात याने ख्रिस्ताला मृत्युदंड दिल्याचा उल्लेख येतो. रोमन, बिगरख्रिस्ती लेखणीतून आलेला हा उल्लेख इतिहासकारांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. त्यांच्या पंथाला तो घातक अंधश्रद्धा म्हणतो. तरी परिच्छेदाचा शेवट असा, की लोकांना त्यांची कणव येऊ लागली, कारण ते सार्वजनिक हितासाठी नव्हे तर एका माणसाच्या क्रौर्यापायी मारले जात होते.

आपल्या बाजूचा एक धागाही ‘अ‍ॅनल्स’मध्ये सापडतो. इ.स. 22 साली टायबेरियसने उधळपट्टीबद्दल सिनेटला लिहिलेलं पत्र टॅसिटस देतो. त्यात बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या, शत्रूच्या मुलखात जातोय अशी तक्रार आहे. टायबेरियस देशाचं नाव घेत नाही, पण तो पैसा कुठे जात होता याची कल्पना करता येते. सोपारा, कल्याण, चौल ही तेव्हाची रोमन व्यापाराला ठाऊक असलेली बंदरं, आणि कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची जी छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली ती त्याच व्यापाराची खूण.

खुशामतीचा बारकावा

टॅसिटस कसा लिहितो हे एका प्रसंगातून बघू. ऑगस्टस मेलाय. टायबेरियस गादीवर येणार हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो अजून ‘नको नको’ म्हणतोय. रोममध्ये कॉन्सल, सिनेटर, सरदार सगळे गुलामीकडे धाव घेतात, आणि टॅसिटस लिहितो की जो जितका नामवंत तितकी त्याची घाई आणि ढोंग मोठं. चेहऱ्यांची पंचाईत झालेली. जुना सम्राट गेल्याचा आनंद दिसता कामा नये, नवा आल्याचं दुःख दिसता कामा नये. म्हणून अश्रू, हर्ष, विलाप आणि खुशामत यांची मिसळ करून लोक वावरत होते.

मग सिनेटची बैठक भरते. व्हॅलेरियस मेसाला उठतो आणि सुचवतो की टायबेरियसशी निष्ठेची शपथ दर वर्षी नव्याने घेतली जावी. टायबेरियस विचारतो, हे तुला मी सांगितलं होतं का? मेसाला उत्तर देतो, नाही, मी स्वतःहून बोललो. आणि देशाच्या कारभाराचा प्रश्न असेल तेव्हा कुणाचा रोष ओढवला तरी मी माझ्याच मताने चालेन. केवढं बाणेदार उत्तर! टॅसिटसचा शेरा एवढाच की खुशामतीचा तेवढा एकच प्रकार शिल्लक राहिला होता.

या चार ओळींत सगळा टॅसिटस आहे. हुकूम कुणी दिलेला नाही. धमकी नाही. एक माणूस निर्भीडपणाचं सोंग घेऊन लाचारी करतो, आणि सम्राटाला, मेसालाला, ऐकणाऱ्या सगळ्यांना ते कळत असतं. राजसत्ता माणसांना वाकवते, त्याच्या आधी माणसं किती वाकता येईल ते स्वतःच दाखवून ठेवतात. टायबेरियसलासुद्धा पुढे याची किळस आली. सिनेटमधून बाहेर पडताना तो ग्रीकमध्ये पुटपुटायचा, गुलामीसाठीच जन्मलेली माणसं ही! लोकांना स्वातंत्र्य मिळू नये असं वाटणाऱ्यालाच त्यांच्या या लोटांगणाचा उबग आला होता.

असं लिहिणारा माणूस ‘अ‍ॅनल्स’च्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की मी राग आणि पक्षपात दोन्ही बाजूला ठेवून लिहिणार आहे. हे वचन त्याने पाळलं का?

विश्वास ठेवावा का

पूर्ण नाही. टॅसिटसची एक लकब ओळखायला शिकलं पाहिजे. एखाद्या घटनेची तो दोन कारणं देतो, एक साधं आणि एक काळंकुट्ट. कोणतं खरं ते सांगत नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात दुसरंच घर करून बसतं. ऑगस्टस मेला, ‘काहींना बायकोचा संशय होता’. पुरावा काही नाही, संशय मात्र कायमचा चिकटला. टायबेरियस हा प्रशासक म्हणून बराच सक्षम होता असं आज पुष्कळ अभ्यासक मानतात, पण टॅसिटस वाचून बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक कुढा, कपटी, आतल्या गाठीचा म्हातारा उभा राहतो. शिवाय तो उमराव होता, आणि मुक्त झालेले गुलाम, सत्ता गाजवणाऱ्या स्त्रिया, ज्यू लोक यांच्याबद्दलचे त्याच्या वर्गाचे पूर्वग्रह त्याच्यात पुरेपूर होते. ‘हिस्टरीज’च्या पाचव्या भागातलं ज्यूंचं वर्णन अज्ञान आणि आकस यांनी भरलेलं आहे, ते वाचताना हाच तो बारकाईने बघणारा माणूस का, असा प्रश्न पडतो.

पण तो मनाने रचून लिहीत होता असंही नाही. सिनेटच्या कामकाजाच्या नोंदी तो वाचत होता. याची पडताळणी करण्याची एक दुर्मीळ संधी आपल्याला मिळाली आहे. इ.स. 48 साली सम्राट क्लॉडियसने गॉलमधल्या पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं. ते भाषण ‘अ‍ॅनल्स’च्या अकराव्या भागात आहे. आणि 1528 साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात एक ब्राँझचा पत्रा सापडला, त्यावर क्लॉडियसचं खरं भाषण कोरलेलं होतं.

दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. खऱ्या भाषणात क्लॉडियस भरकटतो. जुने राजे, एट्रुस्कन दंतकथा, सर्व्हियस टुलियस या जुन्या राजाचं मूळ नाव काय होतं, अशी त्याची पंडिती गाडी वाहवत जाते. एका ठिकाणी तर असं वाक्य येतं की आता तुझ्या भाषणाचा रोख कुठे आहे हे सभासदांना सांगायची वेळ झाली आहे! टॅसिटसने हा सगळा फापटपसारा काढून टाकला, मुद्दा ठेवला, त्याला धार लावली. परक्यांना सामावून घेतलं म्हणून रोम मोठं झालं, अथेन्स आणि स्पार्टाने जिंकलेल्यांना परकंच ठेवलं म्हणून ते बुडाले. आणि शेवटी, आज आपण ज्या गोष्टीला पूर्वीचे दाखले शोधतोय, ती उद्या स्वतःच दाखला होईल. आशय क्लॉडियसचा, भाषा टॅसिटसची. प्राचीन इतिहासकार असंच करत, आणि त्यांच्या वाचकांनाही ते ठाऊक असे.

दुसरी पडताळणी अलीकडची. इ.स. 19 मध्ये टायबेरियसचा पुतण्या आणि दत्तक मुलगा जर्मानिकस अँटिऑकला मेला. सीरियाचा राज्यपाल पिसो याच्यावर संशय आला, खटला चालला, पिसोने आत्महत्या केली. या खटल्यानंतरच्या सिनेटच्या ठरावाच्या ब्राँझवर कोरलेल्या प्रती 1980च्या दशकात स्पेनमध्ये सापडल्या आणि 1996 साली प्रसिद्ध झाल्या. ठरावात सम्राटाच्या न्यायबुद्धीची, सम्राटाच्या आईच्या थोरवीची, सैनिकांच्या निष्ठेची आणि सगळ्यांच्या सगळ्या गुणांची स्तुती ओळीमागून ओळ चालू राहते. पिसोची बायको प्लँकिना सुटली ती राजमातेच्या शब्दामुळे, हे ठरावही सांगतो आणि टॅसिटसही सांगतो. फरक एवढाच की ठरावात तो राजमातेच्या मोठेपणाचा दाखला आहे, आणि टॅसिटसच्या पानावर टायबेरियस हे सांगताना शरमेने बोलतो आणि बाहेर लोक कुजबुजत असतात. सरकारी कागद आणि कुजबुज यांच्यातलं अंतर मोजायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जाळलेली पुस्तकं, उरलेली पुस्तकं

‘अ‍ॅनल्स’च्या चौथ्या भागात एका इतिहासकाराचा खटला आहे. इ.स. 25. क्रेमुशियस कॉर्डसने आपल्या इतिहासात ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला शेवटचा रोमन म्हटलं, हा त्याचा गुन्हा. आरोप करणारे सेजानस या टायबेरियसच्या सर्वशक्तिमान सहकाऱ्याचे हस्तक. कॉर्डस म्हणतो, माझ्या कृतीत काही दोष सापडत नाही म्हणून माझ्या शब्दांवर खटला चाललाय. मग घरी जाऊन त्याने अन्न सोडलं आणि प्राण दिले. सिनेटने पुस्तकं जाळण्याचा हुकूम काढला. प्रती लपवल्या गेल्या. त्याच्या मुलीने, मार्सियाने, त्या जपल्याचं सेनेका सांगतो. पुढे त्या पुन्हा बाहेर आल्या. टॅसिटस इथे थांबून, त्याला न शोभेल इतक्या उघडपणे, म्हणतो की आजच्या सत्तेने उद्याची आठवण पुसता येते असं समजणाऱ्यांच्या मूर्खपणाचं हसू येतं.

स्वतः टॅसिटसच्या पुस्तकांचं नशीब मात्र केसाच्या अंतराने वाचलं. ‘अ‍ॅनल्स’चे पहिले सहा भाग एकाच हस्तलिखितातून आपल्याला मिळाले. नवव्या शतकातलं हे हस्तलिखित जर्मनीतल्या कॉर्वेच्या मठातून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमला पोहोचलं आणि 1515 साली छापलं गेलं. नंतरचे भाग आणि ‘हिस्टरीज’ यांचा आधार अकराव्या शतकातलं दुसरं एक हस्तलिखित, माँते कॅसिनोच्या मठात लिहिलेलं. दोन्ही आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहेत. कॅलिगुलाची सगळी राजवट गेली, क्लॉडियसची सुरुवात गेली, आणि ‘अ‍ॅनल्स’ इ.स. 66 मध्ये, थ्रासिया या ताठ कण्याच्या सिनेटरच्या मृत्यूपाशी, वाक्य अर्धवट असतानाच तुटतं.

छापखान्यातून बाहेर पडल्यावर मात्र युरोपाने त्याच्यावर झडप घातली. राजेशाही बळकट होत होती, दरबार वाढत होते, आणि सत्तेच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हवं ते सगळं या पुस्तकात होतं. फ्लॉरेन्सचा इतिहासकार ग्विचार्दिनी याने हे अचूक टिपलं. टॅसिटस जुलमी राजाच्या राज्यात शहाणपणाने कसं जगावं हे शिकवतो, आणि जुलमी राजाला जुलूम कसा बसवावा हेही शिकवतो, असं तो म्हणाला. जस्टस लिप्सियस या विद्वानाने 1574 साली टॅसिटसची पाठचिकित्सा केलेली आवृत्ती काढली. त्याच्याबद्दल सांगतात की माझ्या छातीवर खंजीर ठेवा, टॅसिटसमधला कुठलाही उतारा विचारा, एक शब्द चुकला तर खुपसा, असं तो म्हणे.

राजांनाही त्याची भीती वाटू लागली. 1627 साली केंब्रिजमध्ये इतिहासाचा पहिला व्याख्याता म्हणून आयझॅक डोरिस्लॉस या डच माणसाला नेमलं. त्याने विषय घेतला ‘अ‍ॅनल्स’चा. पहिलंच वाक्य आहे की रोममध्ये सुरुवातीला राजे होते, मग ब्रूटसने (हा सीझरचा मारेकरी नव्हे, फार जुन्या काळातला) स्वातंत्र्य आणि कॉन्सलपद आणलं. एवढ्या वाक्यावर बोलताना राजाची सत्ता कुठून येते हा प्रश्न निघाला आणि व्याख्यानं वरून हुकूम येऊन थांबवली गेली. बावीस वर्षांनी इंग्लंडच्या चार्ल्स राजावर खटला भरला गेला, तेव्हा तो उभा करण्याच्या कामात हाच डोरिस्लॉस होता.

‘हिस्टरीज’च्या पहिल्या अध्यायात टॅसिटस लिहितो की असे सुखाचे दिवस विरळा, जेव्हा वाटेल तो विचार करता येतो आणि जो विचार केला तो बोलता येतो. 1670 साली तत्त्वज्ञ स्पिनोझाने विचारस्वातंत्र्यावरच्या आपल्या प्रकरणाला याच शब्दांवरून मथळा दिला, आणि 1739 साली तत्त्वज्ञ ह्यूमने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर ते वाक्य छापलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन 1808 साली नातीला लिहिलेल्या पत्रात टॅसिटसला जगातला पहिल्या क्रमांकाचा लेखक म्हणाला. त्याच वर्षी नेपोलियन जर्मनीत वीलँड या कवीपुढे टॅसिटसवर तोंडसुख घेत होता. आदल्याच वर्षी फ्रेंच लेखक शातोब्रियाँने एका नियतकालिकात लिहिलं होतं की नीरोची भरभराट व्यर्थ आहे, त्याच्या साम्राज्यात टॅसिटस आधीच जन्माला आला आहे. नीरो म्हणजे कोण, हे पॅरिसमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

जर्मानियाचं काय झालं

आता सगळ्यात दुःखद प्रकरण. ‘जर्मानिया’ हे ऱ्हाइनपलीकडच्या टोळ्यांवरचं लहानसं पुस्तक. टॅसिटस तिथे कधी गेल्याचा पुरावा नाही; आधीच्या पुस्तकांवरून आणि ऐकीव माहितीवरून त्याने ते लिहिलं. रोमन समाजाला आरसा दाखवणं हा त्याचा एक हेतू होता, म्हणून टोळ्यांचा साधेपणा, शौर्य, बायकांची निष्ठा यांचं कौतुक येतं. चौथ्या अध्यायात तो म्हणतो की हे लोक दुसऱ्यांशी न मिसळलेले, फक्त स्वतःसारखेच आहेत असं मला वाटतं.

पंधराव्या शतकात हे हस्तलिखित जर्मनीतून इटलीत आलं, आणि सोळाव्या शतकापासून जर्मन विद्वानांना त्यात आपले पूर्वज दिसू लागले. ‘अ‍ॅनल्स’मधल्या आर्मिनियसचा, ज्याने इ.स. 9 मध्ये वारस नावाच्या रोमन सेनापतीच्या तीन फौजा गारद केल्या, हेरमान झाला. 1875 साली डेटमोल्डजवळ त्याचा प्रचंड पुतळा उभा राहिला. पुढे नाझींनी चौथा अध्याय वंशशुद्धीचं प्रमाणपत्र म्हणून फडकवला. 1936 साली हिटलरने मुसोलिनीकडे ते जुनं हस्तलिखित मागितलं. 1943च्या शरद ऋतूत हिमलरच्या एस.एस. या नाझी दलाचं पथक इटलीत येसी गावाजवळच्या एका हवेलीत ते शोधायला घुसलं आणि सगळं उलथंपालथं करून रिकाम्या हाताने परतलं; हस्तलिखित त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या वाड्यात सुरक्षित होतं. आज ते रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इतिहासकार मोमिल्यानोने ‘जर्मानिया’ला जगातल्या सर्वांत धोकादायक शंभर पुस्तकांत बसवलं.

दोष पुस्तकाचा किती आणि वाचणाऱ्यांचा किती? मला वाटतं, बव्हंशी वाचणाऱ्यांचा. त्याच पुस्तकात टॅसिटस लिहितो की लढाई नसली की हे वीर खाऊन पिऊन लोळत पडतात, घराची आणि शेताची कामं बायका आणि म्हाताऱ्यांवर टाकतात, रात्रंदिवस पिण्यात त्यांना लाज वाटत नाही. चोविसाव्या अध्यायात तर ते फाशांच्या जुगारात सर्वस्व हरल्यावर शेवटचा डाव स्वतःच्या स्वातंत्र्यावर लावतात, हरले की निमूट गुलाम होतात, आणि या अडेलपणाला ते प्रामाणिकपणा म्हणतात. वंशाचा गौरव करणाऱ्यांच्या भाषणांत हा जुगारी कधी आला नाही.

वाचायचं असेल तर ‘अ‍ॅग्रिकोला’पासून सुरुवात करावी. एका संध्याकाळी वाचून होतं. त्यातलं कॅल्गॅकस या ब्रिटन सरदाराचं भाषण सावकाश वाचावं. लूट, कत्तल, दरोडा याला हे लोक साम्राज्य असं खोटं नाव देतात, उजाड रान करून ठेवतात आणि त्याला शांतता म्हणतात, असं तो रोमनांबद्दल म्हणतो. हे भाषण टॅसिटसनेच रचलेलं असणार. आणि त्या दिवशी कॅल्गॅकसच्या समोर रोमन फौज घेऊन उभा होता तो टॅसिटसचा सासरा, ज्याच्या गौरवासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं. त्यानंतर ‘अ‍ॅनल्स’चा पहिला भाग, मग चौथा, मग नीरोच्या आईच्या खुनासाठी चौदावा. इंग्रजीत चांगले अनुवाद भरपूर आहेत. ‘जर्मानिया’ सगळ्यात शेवटी घ्यावं, आणि चोविसावा अध्याय वगळू नये.